घरातल्या माणसाचं प्रेम ओळखायचं कसं, आणि आपलं त्याच्यापर्यंत पोचवायचं कसं

आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसाआड येतं आणि तेही कधी पहाटे, कधी रात्री अडीचला, ज्यांच्या घरी हे आहे त्यांना वेगळं सांगायला नको. लग्न झाल्यापासून पंधरा वर्षं आमच्याकडं पाण्याची रात्र यांनीच सांभाळली, मी झोपलेली असायचे. सकाळी उठलं की बॅरल भरलेलं, हंडे भरलेले, वरची टाकी भरलेली, आणि मी त्याचं कधी काही मनावर घेतलं नाही कारण माझी तक्रार वेगळीच होती, की हा माणूस बोलत नाही. कधी एक चांगला शब्द तोंडातून निघत नाही, हे मी आईला, बहिणीला, शेजारच्या अक्कांना, सगळ्यांना सांगून झालं होतं.

मग काही वर्षांपूर्वी एकदा हे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामासाठी पंधरा दिवस इचलकरंजीला गेले आणि पाण्याला मला उठावं लागलं. पाईप हातात घेतला तर त्याच्या तोंडाला जुन्या टॉवेलचा एक लांब तुकडा सुतळीनं बांधलेला. मला कळेना हे कशाला, मी सोडून टाकला आणि पाईप बॅरलमध्ये सोडला तर रिकाम्या प्लास्टिकच्या बॅरलमध्ये पाणी असं धाडधाड आपटायला लागलं की आतून पोरगं डोळे चोळत बाहेर आलं. आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी बरोबर त्या बॅरलच्या वर आहे. तो टॉवेल बॅरलच्या तळापर्यंत लोंबायचा, पाणी त्याच्यावरून घसरत खाली जायचं, आवाजच होत नव्हता. पंधरा वर्षं माझी झोप मोडू नये म्हणून हा माणूस ते बांधत होता आणि मी म्हणत होते बोलत नाही.

त्या रात्रीनंतर मी या गोष्टीचा नीट विचार केला, थोडं वाचलं, घरात करून बघितलं, आणि जे उपयोगी पडलं ते इथं लिहितेय, कारण मला मनापासून वाटतं की आपल्या बऱ्याच घरांत प्रेमाची कमतरता नसते, ते पोचत नसतं.

सोलापूरकरांना हे खरं तर सोपं जायला पाहिजे. आपल्याकडं एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू सगळं चालतं, भाजीवाली मावशी कानडी बोलणारी असली की आपण 'एष्टु' म्हणून भाव विचारतो, पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, गेलो की 'एंत' म्हणतो, हे कुठल्या शाळेत शिकवलेलं नसतं, समोरचं माणूस बघून जीभ आपोआप वळते. पण घरात शिरलो की आपण आपलीच एक भाषा रेटतो आणि समोरच्याला कळली नाही की रागावतो.

१९९२ साली गॅरी चॅपमन नावाच्या अमेरिकन पाद्री आणि समुपदेशकानं प्रेम दाखवायच्या पाच पद्धती मांडल्या. कौतुकाचे शब्द, एकमेकांना दिलेला वेळ, भेटवस्तू, दुसऱ्यासाठी केलेलं काम, आणि स्पर्श. त्याचं म्हणणं असं की प्रत्येकाची यातली एक मुख्य भाषा असते, ती ओळखा आणि त्या भाषेत बोला. जगभर हे गाजलं. पण २०२४ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या एमिली इम्पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतापर्यंतचं संशोधन तपासून सांगितलं की एकच मुख्य भाषा असते याला भक्कम आधार सापडत नाही, बहुतेकांना पाचही गोष्टी हव्या असतात आणि पाचाच्या बाहेरही बरंच काही असतं. त्यांनी जेवणाचा दाखला दिला, की माणसाला सगळं थोडं थोडं लागतं. मला हे पटतं. नुसत्या भाकरीवर कुणी जगत नाही, भाजी लागते, चटणी लागते, ताक लागतं. म्हणून 'माझी भाषा ही, तुझी ती' असं लेबल लावून मोकळं व्हायचं नाही, घरातल्या माणसाच्या ताटात काय कमी पडतंय ते बघायचं.

आता करायचं काय ते सांगते.

आधी आठ दिवस नुसतं बघा, काही बदलू नका. एक छोटी वही घ्या नाहीतर मोबाईलवर लिहा. तीन गोष्टी टिपायच्या, या चॅपमननंच सुचवलेल्या खुणा आहेत आणि खरंच कामाच्या आहेत. एक, ते माणूस दुसऱ्यांसाठी आपणहून काय करतं. दुसरी, ते सारखी तक्रार कशाची करतं. तिसरी, ते मागतं काय. तक्रारीकडं जास्त लक्ष द्या, आपण तक्रार ऐकली की लगेच उत्तर द्यायला लागतो पण तिच्या पोटात बहुतेक वेळा मागणी असते. 'तुम्ही सारखं मोबाईलमध्ये' म्हणजे माझ्याजवळ बसा. 'मी आजारी पडले तरी कुणी कप उचलत नाही' म्हणजे हाताशी या. 'माझ्या वाढदिवसाला साधं काही आणलं नाही' म्हणणारीला दोन हजाराची साडी पाहिजे असते असं नाही, मी तुझ्या लक्षात होते का एवढंच विचारायचं असतं.

माझ्या वहीत आठ दिवसांनी यांच्या नावापुढं जे दिसलं त्यानं मी चक्रावलेच. देताना हे कामानं देतात, पाणी, गाडीचं पंक्चर, माझ्या आईच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवणं. पण तक्रार कशाची, तर 'तू कधी बसतच नाहीस'. म्हणजे देणं एका भाषेत आणि हवंय दुसऱ्या भाषेत. हे लक्षात ठेवा, बरेच जण इथं चुकतात, समोरचा जे देतो तेच त्याला हवं असणार असं धरून चालतात.

बघून झालं की विचारायचं. भांडणात विचारू नका, आणि जेवायच्या आधी भूक लागलेली असतानाही नको. गाडीवर जाताना, गच्चीवर, सिद्धेश्वर तलावाच्या काठाला चक्कर मारताना, म्हणजे डोळ्यात डोळे घालून बसावं लागत नाही अशा वेळी आपल्या माणसांच्या तोंडातून जास्त निघतं. दोनच प्रश्न विचारा. मी काय केलं की तुम्हाला बरं वाटतं? आणि दुसरा, मी करते त्यातलं काय नाही केलं तरी चालेल? हा दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. मी वर्षानुवर्षं रात्री ओट्याशी उभी राहून एकेक गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात वाढायचे, फुगलेली, कडा न जळलेली, त्यात माझा जीव असायचा. आणि यांनी काय सांगितलं, "गरम भाकरी नको मला. तू बस जेवायला माझ्यासोबत." मला आधी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, एवढी वर्षं केलेलं वाया गेलं असं वाटलं. पण मग आठवड्यातून तीन दिवस आम्ही कडक भाकरी करायला लागलो, ती आधीच करून ठेवलेली असते, आठ-आठ दिवस टिकते, तव्यापाशी कुणी उभं राहायला नको. कडक भाकरी, शेंगाचटणी, त्यावर दही नाहीतर तेल, कांदा फोडून, आणि दोघं समोरासमोर. भाकरी मोडायला वेळ लागतो, चावायला वेळ लागतो, तेवढा वेळ माणूस ताटावरून उठत नाही. आमचं सगळ्यात जास्त बोलणं आता त्याच तीन रात्रींना होतं.

शब्दांचं सांगते. आपल्या घरांत तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही, नजर लागेल, डोक्यावर बसेल, असं काहीतरी डोक्यात असतं. माझ्या सासूबाई मला कधी 'छान केलंस' म्हणाल्या नाहीत पण शेजारणीला सांगायच्या, आमच्या सुनेच्या हाताला चव आहे. मला ते चार वर्षांनी शेजारणीकडून कळलं. म्हणून पहिलं सोपं काम, कुणी कुणाबद्दल पाठीमागं चांगलं बोलताना ऐकलं की ते त्या माणसापर्यंत त्याच दिवशी पोचवा. आणि स्वतः बोलायचं असेल तर मोठं काही नको, आय लव्ह यू जिभेवर येत नसेल तर नाही आलं तरी चालेल, झालेलं काम नाव घेऊन सांगा. नुसतं 'छान' म्हटलेलं हवेत विरतं. "तुम्ही काल आईला दवाखान्यात नेलं म्हणून माझी सुट्टी वाचली" हे टिकतं. तोंड उघडत नसेल तर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, आमच्या यांनी सुरुवात तशीच केली, समोर बसून मेसेज पाठवला, मी वाचला आणि दोघंही काही न बोलता चहा प्यायलो. चाललं की तेवढं.

वेळेचं सगळ्यात जास्त पोरांच्या बाबतीत चुकतं. जानेवारीत सिद्धेश्वराची, गड्ड्याची जत्रा भरली की आम्ही धाकट्याला पैसे द्यायचो आणि शेजारच्या पोरांबरोबर होम मैदानावर पाठवायचो, सीझनचं काम असतं, यांना सवड नसते. एका वर्षी तीनशे रुपये दिले होते, रात्री त्याची चड्डी धुवायला घेतली तर खिशात तिन्ही नोटा तशाच घडी केलेल्या. का रे खर्च नाही केलास म्हटलं तर म्हणतो, "पप्पा आले असते तर मोठ्या पाळण्यात बसलो असतो, एकट्याला भीती वाटती." दहा वर्षांचं पोर. त्याला त्या नोटांनी प्रेम पोचलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी हे दोन तास लूम बंद ठेवून गेले, आणि पोरगं अजून त्या पाळण्याचं सांगतं.

वेळ म्हणजे तासन्‌तास पाहिजे असं नाही पण. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यांवर बारीक लक्ष ठेवलं आणि सहा वर्षांनी परत बघितलं. रोजच्या बोलण्यात आपण एकमेकांना बारीक बारीक साद घालतो, 'हे बघ ना केवढं ऊन आहे', 'आज दुकानात काय झालं माहितीय', याला जो प्रतिसाद मिळतो त्यावर त्यांचं काम आहे. जी जोडपी टिकली त्यांनी सुरुवातीला अशा १०० सादांपैकी साधारण ८६ ना प्रतिसाद दिला होता, ज्यांचा घटस्फोट झाला त्यांनी ३३ ना. म्हणून नवरा आल्या आल्या म्हणाला की आज सात वाजता रस्त्यावर काय ट्रॅफिक होतं, तर ती ट्रॅफिकची बातमी नाहीये, हातातलं काम न सोडताही 'हो का, मग कसं आलात' एवढं म्हणा. 'हूं' म्हणू नका. याला दहा सेकंद लागतात.

बाहेरगावी असलेल्या पोरांचं वेगळं. माझी मोठी पुण्यात नोकरीला आहे, हुतात्मा एक्स्प्रेसनं कुणी जाणारं असलं की मी शेंगाचटणी, कडक भाकरी, चिवडा बांधून पाठवणार म्हणजे पाठवणारच, आणि रोज फोन, जेवलीस का. आपल्या सगळ्या आयांचं 'जेवलीस का' म्हणजे काय असतं हे मी सांगायला नको. पण एकदा ती म्हणाली, "मम्मी तू जेवणाच्या पुढं कधी जातच नाहीस गं." मला लागलं ते, पण खरं होतं. आता मी 'जेवलीस का' नंतर अजून एक प्रश्न विचारायचाच असं ठरवलंय, कुणाबरोबर जेवलीस, आज ऑफिसात कंटाळा आला का, काहीही. पहिल्या आठवड्यात ती हो-नाही म्हणायची. आता कधी कधी अर्धा तास बोलते.

कामातून प्रेम करणारी माणसं ओळखायला सगळ्यात अवघड, कारण त्यांचं प्रेम झालेलं दिसत नाही, नाही झालं तरच दिसतं. आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात, पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, रोजच्या हजार विड्यांच्या मागं लागलेल्या असतात. त्यांची पोरगी शाळेतून आली की पानं कापून द्यायला बसते. दहावीची परीक्षा लागली त्या महिन्यात अक्कांनी तिला सांगितलं, पानाला हात लावायचा नाही, आणि स्वतः रात्री अकरापर्यंत बसल्या. पोरीला वाटलं आई रागावलीय. मी तिला बसवून सांगितलं, अगं ती तुझं काम स्वतःच्या अंगावर घेतीय. अशा माणसाला परत द्यायचं असेल तर बसून कौतुक ऐकवण्यापेक्षा त्याच्या कामातला एखादा तुकडा, न सांगता, पूर्ण करून टाका. अर्धवट नको, 'सांगितलं असतं तर केलं असतं' तर अजिबात नको.

पण इथं एक सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. बाईचं प्रेम म्हणजे तिचं राबणं, असं आपल्याकडं धरूनच चाललेलं असतं, आणि कुणी 'माझी भाषा सेवेची आहे, तू माझं सगळं कर' म्हणायला लागला तर ते या सगळ्याचा गैरफायदा आहे. जे नाकारायची मोकळीक आहे तेच दिलेलं, बाकीचं काढून घेतलेलं. स्पर्शाचंही तेच, मन नसताना हात लावणं प्रेमात बसत नाही, लग्नाच्या नवऱ्याचाही नाही. आणि मारहाण, पैसे अडवणं, फोन तपासणं, माहेरी जाऊ न देणं हे कुणी प्रेमापोटी म्हणून करत असेल तर वही-बिही बाजूला ठेवा, महिलांसाठी १८१ नंबर आहे, तिथं फोन करा.

स्पर्शाबद्दल थोडंच, कारण आपल्या दोन खोल्यांच्या घरांत सगळ्यांसमोर ते होत नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडं बघा. सासरे गेल्यावर सासूबाईंना कुणाचा हातच लागत नव्हता, जेवण वेळेवर, औषध वेळेवर, सगळं होतं. मी रविवारी त्यांच्या डोक्याला तेल लावायला लागले. आत्या, लावू का, असं विचारून. पहिल्यांदा नको म्हणाल्या, दुसऱ्या रविवारी आपणहून वाटी घेऊन आल्या.

भेटवस्तूचं देण्यापेक्षा घेण्यात चुकतं आपलं. हे एकदा नवी पेठेतून माझ्यासाठी पर्स घेऊन आले, आणि मी पहिलं वाक्य काय बोलले, केवढ्याला दिली, फसवलं तुम्हाला. त्यानंतर तीन वर्षं काही आणलं नाही त्यांनी, आणि मी परत तक्रार करायला मोकळी. कुणी काही आणलं की किंमत विचारायची नाही, 'कशाला आणलं' म्हणायचं नाही, रंगाचं दुसऱ्या दिवशी बोला. आधी हातात घ्या, उघडून बघा, त्याच्यासमोर वापरा. घेणं ही पण शिकायची गोष्ट आहे. कौतुक केलं की 'छे, कुठं काय' म्हणून परत लोटू नका, ज्यानं हिंमत करून बोललंय त्याचे शब्द तसेच हातात राहतात.

आणि आपल्याला काय हवंय ते सांगायचं. समोरच्याला आपोआप कळलं पाहिजे, सांगून मिळालं तर त्यात काय मजा, असं मी पण म्हणायचे. मोजता येईल असं मागा. 'तुम्हाला माझी किंमतच नाही' याच्यावर कुणी काय करणार? "रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं गच्चीवर या" हे करता येतं. एका वेळी एकच मागा. मिळालं की त्याच दिवशी सांगा की बरं वाटलं. विसरले तर एकदा आठवण करा, टोमणा मारला की ते काम पुढच्या वेळी भीतीनं होतं. दोन महिने तरी धरा, पंधरा वर्षांची सवय पंधरा दिवसांत जात नाही, आमच्याकडं तर तीन महिने गेले.

तो टॉवेल मी त्या रात्री सोडून टाकला होता ना, तो मला परत बांधता येईना, पाण्याच्या जोरानं सारखा सुटायचा. हे इचलकरंजीहून आल्यावर शिकून घेतलं. तुकडा आधी ओला करून पिळायचा, पाईपच्या तोंडावर चार बोटं वर चढवायचा, सुतळीचे तीन वेढे आणि गाठ खालच्या बाजूला घट्ट आवळायची. आता पाण्याला आम्ही आळीपाळीनं उठतो. आज माझी पाळी आहे.